कार्पल टनेलची शस्त्रक्रिया, चतुर्थी आणि काजूचा कारखाना: एका उजव्या हाताचे प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४९ वर्षांच्या, डिचोली तालुक्यातल्या. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. हाताची मोजमापे मात्र जशी नोंदली तशीच ठेवली आहेत.

चौदा वर्षे त्या काजूच्या कारखान्यात आहेत. सुरुवातीची बरीच वर्षे सोलणीवर गेली: वाळवलेल्या गराची तांबूस साल बारीक चाकूने काढायची, गर अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरायचा. पुढे त्या कापणीवर आल्या. तिथे वाफवलेली बी दोन वाकड्या पात्यांमध्ये धरतात, पायाने पट्टी दाबतात आणि हाताने दांडा ओढून टरफल उकलतात. मजुरी किलोवर, म्हणजे हात थांबला की पैसा थांबला.

घरी पाच माणसे. रोज एक-दोन नारळ आदोळीवर (खोवणीच्या विळीवर) खोवायचे, जाड कपडे हाताने पिळायचे, कारखान्यात जायला-यायला गिअर नसलेली स्कूटर. सहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. शस्त्रक्रियेआधीचे एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप) ७.६ टक्के होते आणि थायरॉइडची तपासणी नॉर्मल होती. हात बधिर होण्यामागे थायरॉइडची कमतरता हे एक ओळखीचे कारण आहे, म्हणून ती तपासणी वगळू नये.

अडचण

दोन वर्षे उजव्या हाताच्या अंगठ्याला, तर्जनीला, मधल्या बोटाला आणि अनामिकेच्या अंगठ्याकडच्या अर्ध्या भागाला रात्री मुंग्या येत. झोपेतून उठून हात झटकला की दहा-पंधरा मिनिटांनी बरे वाटे. करंगळीला कधीच काही झाले नाही. तळहाताच्या मधल्या कातडीची जाणीवही शाबूत होती, कारण तिथे जाणारी मीडियन नसेची बारीक शाखा मनगटाच्या बोगद्यातून (कार्पल टनेलमधून) न जाता त्याच्या वरून जाते. मानेतून येणारा बधिरपणा आणि हा बधिरपणा वेगळे ओळखताना या दोन खुणा फार उपयोगी पडतात.

शेवटच्या सहा महिन्यांत चित्र बदलले. मुंग्या दिवसाही राहू लागल्या. ब्लाउजचे हूक लागेनात, पेला हातातून निसटू लागला. चाकूचे टोक तर्जनीला लागले तरी रक्त दिसेपर्यंत कळले नाही, आणि त्या दिवशी त्या डॉक्टरांकडे गेल्या.

मनगटाच्या पुढच्या बाजूला हाडांची एक खोबण असते आणि तिच्यावर ट्रान्सव्हर्स कार्पल लिगामेंटची जाड पट्टी ताणलेली असते. मधल्या जागेतून, म्हणजे या बोगद्यातून, बोटे वळवणाऱ्या ९ कंडरा आणि मीडियन नस जाते. कंडरांवरचे आवरण सुजले की दाबली जाते ती नस, कारण तिथे सर्वांत मऊ तीच आहे. दाब थोडा आणि अधूनमधून असेल तोवर फक्त मुंग्या येतात. तो वर्षानुवर्षे टिकला की नसेचे आवरण झिजते, पुढे आतले तंतू मरतात. दाबलेली नस मोकळी झाल्यावर दिवसांत शुद्धीवर येते, पण मेलेला तंतू मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत नव्याने वाढावा लागतो. पुढची बहुतेक घालमेल या फरकामुळेच झाली.

तपासणीत काय दिसले

मनगट पूर्ण वाकवून ६० सेकंद धरल्यावर (फॅलेन चाचणी) वीस सेकंदांतच मुंग्या आल्या. बोगद्यावर अंगठ्याने ३० सेकंद दाब दिल्यावरही तेच झाले. अंगठ्याखालचा उंचवटा डाव्या हाताच्या तुलनेत थोडा बसलेला होता आणि अंगठा तळहातापासून सरळ वर उचलण्याची ताकद ५ पैकी ४ होती. मधल्या बोटाच्या टोकावर दोन टोचण्या वेगळ्या ओळखायला ९ मिलिमीटर अंतर लागत होते. साधारणपणे ते ६ च्या आत असते. मुठीची पकड उजवी १७ किलो, डावी २० किलो, आणि त्या उजव्या हाताने काम करणाऱ्या आहेत.

नर्व्ह कंडक्शन तपासणीत उजव्या बाजूला संवेदनेचा सिग्नल मिळालाच नाही. स्नायूपर्यंत सिग्नल पोचायला ६.४ मिलिसेकंद लागत होते, एरवी ४.२ च्या आत लागतात. डावा हात मध्यम प्रतीचा: ४.७ मिलिसेकंद आणि संवेदना मंद. म्हणजे उजवा तीव्र, डावा मध्यम.

पर्याय

पहिला पर्याय स्प्लिंटचा. मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री ६ आठवडे लावला तर सौम्य आणि मध्यम प्रतीत पुष्कळांना फरक पडतो. उजव्या हाताला तो आधी लावून झाला होता. झोप थोडी सुधारली, बधिरपणा राहिला.

दुसरा, बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन. दहा महिन्यांपूर्वी एक घेतले होते, तीन महिने चांगले गेले. दुसरे घेता आले असते, पण संवेदना गेलेली आणि स्नायू बसू लागलेला असताना इंजेक्शन फक्त वेळ काढते आणि तो वेळ नसेला परवडत नाही. शिवाय मधुमेहात इंजेक्शननंतर काही दिवस साखर चढते.

तिसरा, शस्त्रक्रिया: लिगामेंटची पट्टी उभी कापून नसेला जागा करून देणे. उघडी किंवा दुर्बिणीतून करता येते. दुर्बिणीच्या पद्धतीत कामावर थोडे लवकर परतता येते, वर्षानंतरचा फरक मात्र नगण्य असतो. इथे उघडी पद्धत ठरली.

दोन्ही हात एकदम करायचे का, हा खरा प्रश्न होता. कारखान्याची रजा एकदाच पडेल म्हणून घरच्यांचा कल तिकडे होता. सल्ला उलटा दिला गेला. दोन्ही तळहातांवर टाके असताना आंघोळ, शौच, जेवण या साध्या गोष्टींना दुसऱ्याचा हात लागतो, आणि डावा हात अजून स्प्लिंटला प्रतिसाद देत होता. म्हणून आधी उजवा, आणि डाव्याचा निर्णय सहा महिन्यांनी फेरतपासणी करून.

तारीख कशी ठरली

आषाढाचा शेवटचा आठवडा ठरला. हिशेब असा: श्रावणात टाके निघतील आणि चतुर्थीपर्यंत हात मोकळा होईल. दिवस मोजले तर शस्त्रक्रिया ते चतुर्थी साडेपाच आठवडे भरतात. कागदावर हे पुरेसे दिसते, कारण बहुतेक माहितीपत्रकांत ‘४ ते ६ आठवड्यांत नेहमीची कामे’ असे छापलेले असते. चतुर्थीचे काम नेहमीचे नसते हे कोणाच्या ध्यानात आले नाही. नेवऱ्यांचे सारण, पातोळ्या, खतखते, पाच दिवसांचा नैवेद्य, पाहुणे: या घरात त्या आठवड्यात पंचवीस-तीस नारळ खोवले जातात.

रजेची बाजू नीट पाहिली गेली. कारखाना कर्मचारी राज्य विमा योजनेत होता. सहा महिन्यांच्या अंशदान काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारपणात सरासरी रोजच्या मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस. पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे धरले जातात. याला सलग वैद्यकीय प्रमाणपत्रे लागतात, आणि मध्ये एक आठवडा जरी कोरा गेला तरी पैसे अडकतात. म्हणून प्रत्येक तपासणीच्या दिवशीच पुढचे प्रमाणपत्र घ्यायचे ठरले.

शस्त्रक्रिया

हाताला भूल देऊन, १५ मिनिटांत, त्याच दिवशी घरी. भुलेच्या औषधात ॲड्रेनॅलिन असल्याने दंडाला पट्टा आवळावा लागला नाही. तळहाताच्या बुडाशी अनामिकेच्या रेषेत सुमारे ३ सेंटिमीटरचा छेद, ४ नायलॉनचे टाके, वर जाड बँडेज, बोटे मोकळी.

एक बाब आधी सांगायला हवी होती ती ऐनवेळी निघाली: बांगड्या. उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या निघेनात आणि त्या फोडायला बाईंचे मन होईना. शेवटी साबणाच्या पाण्याने वेळ घालवून काढल्या. शस्त्रक्रियेनंतर हात सुजतो आणि अंगठी किंवा बांगडी रुतते, त्यामुळे त्या काढणे टळत नाही. आठवडाभर आधी सांगितले तर बाई कासाराकडे जाऊन घरच्या रीतीप्रमाणे सोय करतात. टेबलावर झोपल्यावर हा विषय निघू नये.

पहिले दोन आठवडे

पहिल्याच रात्री त्या सलग सहा तास झोपल्या. दोन वर्षांत हे झाले नव्हते. नसेवरचा दाब उतरला की रात्रीच्या मुंग्या काही दिवसांत, कधी पहिल्याच रात्री थांबतात.

पहिल्या तीन दिवसांत सांगितले ते एवढेच. हात हृदयाच्या वर राहील असा उशांवर ठेवा. जागे असताना दर तासाला बोटे पूर्ण उघडून पूर्ण मूठ, १० वेळा. कोपर आणि खांदा दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण हलवा. गळ्यातल्या झोळीत हात दिवसभर अडकवू नका, खांदा आखडतो आणि बोटे खाली लोंबून सुजतात. मनगटाला स्प्लिंट दिला नाही. पूर्वी सरसकट देत, पण नेहमीच्या शस्त्रक्रियेनंतर त्याचा फायदा दिसलेला नाही आणि मनगट उगाच ताठते.

चौथ्या दिवसापासून कंडरा सरकवण्याचा व्यायाम सुरू झाला: बोटे सरळ, मग आकडा (फक्त वरची दोन पेरे वाकवून), पूर्ण मूठ, मेज (फक्त बुडाचे सांधे वाकवून), सपाट मूठ. प्रत्येक स्थिती ५ सेकंद, १० फेऱ्या, दिवसातून ४ वेळा. यात जोर लावायचा नसतो. मोकळ्या झालेल्या बोगद्यात कंडरा आणि नस एकमेकींना किंवा व्रणाला चिकटू नयेत, यासाठी हे करायचे.

मनाई एकाच गोष्टीची होती: मनगट आत वाकवून घट्ट पकड करणे. लिगामेंटची पट्टी कापलेली असते, तिची कडा भरून यायला काही आठवडे लागतात. तेवढ्या काळात मनगट वाकवून मूठ आवळली की कंडरा धनुष्याच्या दोरीसारख्या पुढे उसळून ताज्या व्रणावर दाब देतात. कपडे पिळताना नेमके हेच होते.

सहाव्या दिवशी पहिला अडथळा आला. बाहेर संततधार पाऊस, घरात काहीच सुकत नव्हते. बँडेजवर प्लास्टिकची पिशवी बांधून त्यांनी भांडी घासली आणि पिशवी दुपारभर तशीच राहिली. आत घाम साचला. बँडेज उघडले तेव्हा जखमेच्या कडा पांढऱ्या, सुरकुतलेल्या, मऊ पडल्या होत्या. जवळच्या दवाखान्यात प्रतिजैविक लिहून मिळाले.

पांढरी मऊ कातडी म्हणजे पू नव्हे. लाली पसरत नव्हती, ताप नव्हता, स्राव नव्हता, वेदना वाढलेली नव्हती. सर्जनना जखमेचा फोटो पाठवून विचारले आणि प्रतिजैविक न घेण्याचे ठरले. जाड बँडेज काढून पातळ कोरडी पट्टी लावली, ती रोज बदलली, आणि दिवसातून दोनदा पंख्याखाली १५ मिनिटे जखम उघडी ठेवली. मधुमेह असल्याने रोज पाहणी मात्र ठेवली. तीन दिवसांत कडा कोरड्या झाल्या. टाके बाराव्याऐवजी चौदाव्या दिवशी काढले. पावसाळ्यात तळहाताच्या जखमेला ते दोन दिवस द्यावेत असे आमचे ठाम मत आहे, कारण तळव्याची कातडी जाड असते आणि घाईने टाके काढल्यास व्रण उलतो. पिशवी फक्त आंघोळीपुरती बांधावी, लगेच सोडावी.

टाके निघाल्यावर

तीन दिवस थांबून, खपली गेल्यावर व्रणाची मालिश सुरू केली. साधे खोबरेल, दोन थेंब. जास्त घातले तर बोट नुसते घसरते आणि खालची कातडी हलतच नाही. डाव्या अंगठ्याच्या टोकाने, नख पांढरे पडेल इतका दाब देऊन, आधी व्रणाला आडवे, मग गोलाकार, ५ मिनिटे, दिवसातून ४ वेळा. शेजारून एक झाडपाल्याचा लेप आला होता, तो लावू दिला नाही. कोवळ्या व्रणावर लेपाने कातडी चिरते.

व्रणाला कापडाचा स्पर्शही झोंबत होता. त्यासाठी पायऱ्या ठरवल्या: आधी कापूस, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, मग ताटात उकडे तांदूळ घेऊन त्यात तळहात ५ मिनिटे फिरवणे. एक पायरी सहज जमली की पुढची. दहा दिवसांत त्या तांदळापर्यंत आल्या.

चौथ्या आठवड्याच्या अखेरीस पकड ११ किलो होती. शस्त्रक्रियेआधीपेक्षा ६ किलो कमी, आणि या टप्प्यावर हे अपेक्षितच असते. पट्टी कापल्यावर अंगठ्याच्या आणि करंगळीच्या स्नायूंचा आधार काही काळ सैल पडतो, आणि पकड आधीच्या पातळीवर यायला साधारण तीन महिने लागतात. हे आकडे बाईंना दाखवले होते, पण त्या स्वतःचा हात झोपेवरून मोजत होत्या. “रात्री झोप लागते ना, म्हणजे आतून बरा झाला,” असे त्या म्हणाल्या आणि घरातल्या सगळ्यांनी ते मान्य केले.

पाचवा आठवडा: मुख्य वळण

चतुर्थीच्या आधीच्या तीन दिवसांत त्यांनी सुमारे वीस नारळ खोवले. आदोळीवर बसून, करवंटी उजव्या तळहाताच्या बुडाशी टेकवून, दाब देत फिरवत. पाण्याची भरलेली कळशीही उचलली. चौथ्या दिवशी तळहाताच्या बुडाला, व्रणाच्या दोन्ही बाजूंना, इतकी कळ आली की लाटणे धरवेना. पकड ८ किलोवर घसरली. घरात एकच भीती होती: शस्त्रक्रिया फसली.

इथे घाईने कुठलाही उपाय करण्याआधी चार शक्यता वेगळ्या करणे गरजेचे होते.

नस पुन्हा दाबली गेली का, किंवा पट्टी अर्धवट कापली गेली होती का? तसे असते तर रात्रीच्या मुंग्या एक तर कधी गेल्याच नसत्या, किंवा परतल्या असत्या. त्या नव्हत्या. बोगद्यावर ३० सेकंद दाब दिला, दुखले, पण बोटांत काही गेले नाही. ही शक्यता बाद.

जंतुसंसर्ग? पाच आठवड्यांनी तो क्वचितच नव्याने येतो. लाली, ऊब, स्राव नाही. बाद.

सीआरपीएस, म्हणजे इजेच्या मानाने फारच जास्त वेदना, हाताचा रंग आणि घाम बदलणे, बोटे आखडणे? या निदानाची भीती रास्त असते, कारण ते उशिरा कळले तर हात कायमचा ताठतो. दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले: रंग सारखा, घाम सारखा, बोटे तळहाताला पूर्ण टेकत होती. बाद, तरी आठवड्याने पुन्हा पाहायचे ठरले.

राहिली ती पिलर पेन. अंगठ्याखालचा आणि करंगळीखालचा असे तळहाताच्या बुडाचे दोन खांब दुखणे. व्रणावर बोट ठेवले तर दुखणे कमी, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर दाबले तर तीव्र. टेबलाच्या कडेवर तळहात टेकवून अंगाचा भार दिला की नेमकी तीच कळ. कापलेल्या पट्टीची टोके दूर गेल्याने हाडांच्या कमानीची ठेवण थोडी बदलते आणि स्नायूंची मुळे नव्या ताणात काम करतात, असे याचे कारण मानले जाते. बहुतेकांत ती तीन ते सहा महिन्यांत ओसरते. धोकादायक नसते, पण कामावर परतणे तीच लांबवते.

मग करायचे काय? घरच्यांना हात तीन-चार आठवडे प्लास्टरसारखा बांधून ठेवावासा वाटत होता. त्याने दुखणे थांबले असते, पण मनगट ताठले असते आणि स्नायू आणखी बसले असते. दुसरा विचार स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा. ताज्या व्रणात, मधुमेहात, आपोआप ओसरणाऱ्या दुखण्यासाठी ते नको असे सर्जननी सांगितले. तिसरा, दुर्लक्ष करून रेटणे. किलोवर मजुरी असणाऱ्या घरात हा पर्याय नेहमी हळूच पुढे येतो. त्याने दुखणे महिनोनमहिने चिघळते.

निवडला तो चौथा: हालचाल पूर्ण चालू, भार कमी, दाब विभागलेला.

दहा दिवस मनगटाचा पट्टा फक्त जड कामाच्या वेळी, रात्री नाही आणि व्यायामावेळीही नाही. तळहाताच्या बुडाशी सिलिकॉन जेलची चकती, वर सैल सुती मोजा. त्या चकतीने व्रणही मऊ होतो, म्हणून ती रोज १२ तास ठेवली आणि रात्री धुऊन वाळवली. दमट हवेत ती न धुता वापरली तर पुरळ येते, आणि तसे एकदा झालेही: दोन दिवस बंद ठेवून वेळ ८ तासांवर आणली. झारा, सुरी आणि बादलीची कडी यांवर एसीच्या पाइपवर घालतात ती काळी फोमची नळी कापून चढवली. मूठ जितकी जाड तितका तळहातावर जोर कमी लागतो. जमिनीवरून उठताना तळहात न टेकता मूठ किंवा कोपर टेकायचे. ही सवय लागायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि आमच्या निरीक्षणात फरकही तिनेच सर्वांत जास्त पाडला. मालिशीआधी १० मिनिटे कोमट पाण्यात हात.

नारळाचे काम आदोळीवरून मिक्सरवर गेले. सासूबाईंना ते पटले नाही. खतखत्याची चव बदलते हा त्यांचा आक्षेप खराच होता. तोडगा निघाला तो मुलाकडून: नैवेद्यापुरते दोन नारळ तो आदोळीवर खोवी, बाकीचे तुकडे मिक्सरमध्ये.

दोन आठवड्यांत कळ अर्ध्यावर आली. नवव्या आठवड्यात पकड १३ किलो झाली.

स्कूटर

सहाव्या आठवड्यात स्कूटरचा प्रश्न आला. नुसते हँडल धरता येणे पुरेसे नसते. उजव्या हातात ॲक्सिलरेटर असतो, म्हणजे मनगट सतत मागे वळलेले, आणि पुढचा ब्रेकही त्याच हातात. कसोटी अशी ठेवली: इंजिन बंद, गाडी स्टँडवर, दोन्ही ब्रेक पूर्ण जोराने १० वेळा दाबायचे. शेवटच्या दाबातही कळ नको आणि बोट घसरायला नको. सहाव्या आठवड्यात सातव्या दाबाला हात सुटला. आठव्या आठवड्यात जमले. मग चार दिवस फक्त गावातल्या गावात, आणि नंतर कारखान्यापर्यंत. पावसाने उखडलेल्या रस्त्यावरच्या हादऱ्यांनी तळहात दुखतो, म्हणून हँडलवर जाड ग्रिप बसवली.

कामावर परत

सुरुवातीचा बेत चौथ्या आठवड्यात थेट कापणीवर जाण्याचा होता. तो बदलून पायऱ्या आखल्या. मुकादमांशी बोलणे सोपे झाले ते एका कागदामुळे: ‘हलके काम द्यावे’ असे मोघम न लिहिता काय चालेल आणि काय नाही हे नेमके लिहिले.

सातव्या आठवड्यापासून प्रतवारी, अर्धा दिवस. गर आकाराने वेगळे करायचे काम. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर बसतात तो दर्जा, डब्ल्यू २४० त्याहून मोठा. यात जोर जवळपास नसतो, पण बोटाच्या टोकाची जाणीव लागते, आणि तीच अजून अपुरी होती. पहिल्या आठवड्यात त्यांचा वेग निम्म्यावर होता. नजरेने भरपाई करत त्या पुढे सरकल्या.

दहाव्या आठवड्यापासून पूर्ण दिवस, त्यात दोन तास सोलणी. चाकूच्या मुठीवर फोमची नळी, दर ४० मिनिटांनी ५ मिनिटे थांबून बोटांच्या पाच स्थिती. चौदाव्या आठवड्यापासून कापणी, सुरुवातीला निम्मा वेळ. एक अट कडक ठेवली: हातमोजा घातल्याशिवाय कापणी नाही. काजूच्या टरफलातले तेल धडधाकट कातडीलाही भाजते, कोवळ्या व्रणाला तर लगेच. कापणीला बसताना नेहमी हाताला लावतात त्या एरंडेलावर त्या व्रणाचे भागणारे नव्हते.

रजेचे सहा आठवडे विमा योजनेच्या भत्त्यात बसले. सातव्या ते तेराव्या आठवड्याची कमी मजुरी मात्र कुठेच भरून निघाली नाही, कारण काम केलेल्या दिवसाचा, मग तो अर्धा असला तरी, आजारपणाचा भत्ता मिळत नाही.

निष्पत्ती

तीन महिन्यांनी पकड १७ किलो, म्हणजे जिथून सुरुवात झाली तिथे. सहा महिन्यांनी २१ किलो. रात्रीच्या मुंग्या पहिल्या रात्रीनंतर परत आल्या नाहीत. लक्षणांची तीव्रता मोजणाऱ्या बोस्टन प्रश्नावलीत (१ सर्वांत चांगले, ५ सर्वांत वाईट) ३.६ वरून १.५.

बोटांची जाणीव सावकाश आली. तंतू वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर १७-१८ सेंटिमीटर. तीन महिन्यांनी ९ मिलिमीटरचे ८ झाले होते, सहा महिन्यांनी ६. तर्जनीचे टोक अजून जाडसर वाटते. सुईत दोरा ओवता येतो, पण पाहून. अंगठ्याखालचा उंचवटा भरलेला नाही. ताकद किंचित सुधारली आहे. तो पूर्ण भरेल असे आश्वासन कोणी दिले नव्हते, आणि ते योग्यच झाले.

चौथ्या महिन्यात अनामिका सकाळी अडकू लागली, ‘टक’ आवाज करून उघडे. ट्रिगर फिंगर. कार्पल टनेलच्या शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यांत, विशेषतः मधुमेहात, ही दिसते. बोटाच्या बुडाचा सांधा सरळ ठेवणारी छोटी पट्टी ६ आठवडे लावून ती गेली.

एचबीए१सी ७.१ झाले.

पुन्हा केले तर

तारीख. शस्त्रक्रियेपासून तीन महिने मोठा सण, लग्नकार्य किंवा हंगाम नसेल असे पाहून ती निवडावी. या घरात चतुर्थी संपल्यावर, भाद्रपदाच्या उत्तरार्धात हात केला असता तर पाचव्या आठवड्यातला प्रकार टळला असता. दिवाळी मध्ये येते, पण पोहे कुटून मिळतात आणि फराळ विकत आणता येतो. नस तीव्र असताना दोन महिने थांबणे योग्य का, हा आक्षेप येईल. स्नायू बसू लागला असेल, जसा इथे लागला होता, तर थांबू नये. मग त्या वर्षीचा नैवेद्य कोण करणार हे शस्त्रक्रियेआधी घरात बोलून ठरवावे, आणि ते बोलणे बाईंवर न सोपवता तपासणाऱ्याने घरच्यांसमोर करावे.

सांगण्याची पद्धत. ‘सहा आठवड्यांत बरे’ असे एकच वाक्य सांगितले गेले होते. त्याऐवजी चार वेगळ्या मुदती कागदावर द्यायला हव्यात: रात्रीची झोप काही दिवसांत, जखम दोन-तीन आठवड्यांत, तळहाताचा भार तीन ते सहा महिन्यांत, बोटाची जाणीव सहा महिने ते वर्षात. झोप आली म्हणून भार घेऊ नये, हे वाक्य त्याच कागदावर ठळक असावे.

डावा हात. उजवा बांधलेला असताना सगळे काम डाव्यावर पडले आणि तिसऱ्या आठवड्यात त्याच्या मुंग्या वाढल्या. रात्रीचा स्प्लिंट डाव्याला पहिल्या दिवसापासून चालू ठेवायला हवा होता, तो मध्येच सुटला होता.

सहाव्या महिन्यातल्या फेरतपासणीत डाव्या हाताचे ४.७ मिलिसेकंद ४.९ झाले आहेत, संवेदनेचा सिग्नल अजून मिळतो, स्नायू शाबूत आहे. स्प्लिंट सुरू ठेवून तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचे ठरले आहे. सिग्नल आणखी पडला किंवा दिवसाचा बधिरपणा आला तर शस्त्रक्रिया पुढच्या चतुर्थीनंतरच्या आठवड्यात. मुकादमांकडून प्रतवारीची जागा त्या काळासाठी आत्ताच लिहून घेतली आहे.